धुऱ्यापलीकडच्या तारा

खळ्याच्या जागेची वाटणी झाली तेव्हा मधली अरुंद पट्टी माझ्या वाट्याला आली आणि तिच्या दोन्ही अंगांना आला माझा चुलतभाऊ बापूजी. आमच्या बोरी अरब गावात भांडायला माणसांची काय कमी आहे, पण माझ्या नशिबी दोन्हीकडून हा एकच.

मी हौशी रेडिओवाला. त्या पट्टीत मी उभी अँटेना रोवली होती. बांबूला बांधलेली सरळ तार आणि तिच्या बुडापासून तिरप्या चार दिशांना जमिनीवर पसरलेल्या चार तारा. या खालच्या तारा नसल्या तर बरीचशी ताकद मातीच पिऊन टाकते. पुस्तकात त्यांची लांबी दहा मीटर दिलेली. माझी पट्टी तेवढी रुंद कुठली! म्हणून चारही टोकं धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडून बापूजीच्या जागेत गेली.

"आज तार आली, उद्या धुरा सरकवशीन," तो म्हणे.

"दादा, तार आहे ते, नांगर नाही!"

"मले शिकवू नको."

किती हात जोडले, ढिम्म हलला नाही. बरं, एवढं ऐकून घेऊन तरी आवाज पोचत होता का? छे! लालसिंग सर मला ऐकू येत, मी त्यांना नाही. नेरला असताना सरांनीच मला या नादाला लावलं. आता ते मुलाकडे विशाखापट्टणमला असतात. फोनवर बोलणं होतंच, पण मी उभारलेल्या अँटेनावरून माझा आवाज त्यांनी एकदा तरी ऐकावा, एवढाच माझा हट्ट. उद्या ते फ्लॅटमध्ये जाणार होते. तिथे अँटेना लावू देत नाहीत. म्हणजे आजची संध्याकाळ शेवटची.

खळ्यात पोचलो तर बापूजी पक्कड घेऊन उभा. चारही तारा बरोबर धुऱ्यावर कापलेल्या. तुकडे गुंडाळून माझ्याच कुंपणावर टांगलेले, वर हा सज्जनपणा!

"माह्याकडचं म्या कापलं. तुह्याकडचं तुले ठेवलं."

माझं डोकंच फिरलं. जोडत बसायला वेळ नव्हता. रागारागात रेडिओ सुरू करून माईक उचलला.

"सर, इंद्रजित बोलून राह्यलो. मले माहीत आहे, तुमाले ऐकू येत नाही."

"इंद्रजित! अरे, खणखणीत येऊन राह्यला! केलं काय तू?"

"तारा... जराशा आखूड केल्या सर."

"खोटं काहून बोलतं बे? म्या कापल्या!" मागून बापूजी ओरडला.

सर मोठ्यानं हसले. "जमिनीले चिकटलेल्या चारच तारा असल्या का पुस्तकातली लांबी जास्त होते; ते लांबी उंच टांगलेल्या तारायची. आता ते तुकडेही मधेमधे पसर. आखूड चालतात, पण गिनतीनं जास्त पाह्यजे. नाव काय त्या भल्या माणसाचं?"

"बापूजी," मी दात-ओठ खात सांगितलं.

"बापूजी, आभारी आहो. तुमच्यामुळं माह्या पोराचा आवाज ऐकला. चाल इंद्रजित, हे लोक अँटेना काढाले आले."

मग नुसती खरखर. मला रडू येत होतं आणि याचं श्रेय या माणसाला जावं, याचा संतापही आवरत नव्हता.

बापूजीनं पक्कड खिशात घातली. मग रेडिओकडे बघत म्हणाला, "मले का मालूम, तुह्या सरायचं असं आहे? टाक लेका तुह्या तारा. पाह्यजे तितक्या लांब टाक. म्या काही म्हणत नाही."

हात जोडत होतो तेव्हा नाही. आणि आता, लांब तार नको आणि पलीकडे सरही नाहीत, तेव्हा! कुंपणावरून काढलेली गुंडाळी मी त्याच्या पायाशी आपटली.