चौथी खिडकी

त्या काळी इटलीतल्या जेनोआ शहरात घरांना खोट्या खिडक्या असायच्याच. उमराव घराण्यातल्या मार्केझा व्हियोलांते यांच्या तीनशे वर्षांच्या हवेलीलाही एक होती. दर्शनी भिंतीवर डावीकडे चार, उजवीकडे चार खिडक्या हव्यात, पण डावीकडची चौथी जिन्यापायी बसेना. मग चिताऱ्याने ती रंगातच काढली आणि तिच्यात तुळशीची कुंडी घेतलेली मोलकरीण बसवली. पुढे मार्केझांच्या आजोबांनी जिना हलवला आणि गुपचूप भिंत फोडून खरी खिडकी केली. चित्र गेलं, उजेड आला. त्याच उजेडात स्वयंपाकीण तोमासिना रोज चटणीसाठी तुळस कुटायची.

एक दिवस जुन्या वास्तूंच्या कचेरीतून चिठ्ठी आली. रेबोरासाहेब मूळ नकाशा घेऊन येणार होते. नकाशात नसलेली खिडकी ते सरळ विटांनी बुजवत.

“म्हणजे मी काय अंधारात कुटू?” तोमासिना रडकुंडीला आली.

“तू कुंडी घेऊन खिडकीत बस,” मार्केझा म्हणाल्या. “आणि तोंड मीट. चित्रं बडबडत नाहीत.”

“बाईसाहेब, शिंक आली तर?”

“गिळ.”

साहेब गल्लीत मान वर करून उभे राहिले. तेवढ्यात तोमासिनाच्या नाकावर माशी बसली. ती हलली नाही.

“वा! माशीसुद्धा रंगवलीय!” साहेबांनी वहीत लिहिलं, ‘क्रमांक चार. मूळ चित्र. हात लावू नये.’

पण साहेब चित्रावर असे भाळले, की दर जूनमध्ये पाहणीला येऊ लागले. तोमासिना दर जूनमध्ये तोच निळा झगा घालून बसे. साहेबांचे शेरे मार्केझा तिला वाचून दाखवत. ‘केसांचा रंग उडतोय. ओल असावी.’ ‘हनुवटीखाली गिलावा सुटलाय.’ त्या शेऱ्यानंतर तोमासिना दोन दिवस जेवली नाही.

विसाव्या वर्षी साहेब हळहळले. “मार्केझा, दशा झालीय हो चित्राची. गालाला भेगाही पडल्यात. खरवडून नवं काढू या, एखादी तरुण पोरगी.”

“खरवडून?” चित्र कमरेपर्यंत खिडकीबाहेर आलं. “मेल्या, आधी तुझं टक्कल रंगवून घे! वीस वर्षं तुझ्यापायी श्वास कोंडून बसतेय मी!”

मार्केझांनी डोळे मिटून घेतले. गेली खिडकी!

साहेबांनी टोपी काढली, टक्कल चाचपलं, खिडकीकडे बराच वेळ पाहिलं. मग वही उघडून सावकाश लिहिलं, ‘क्रमांक चार. चित्र उत्तम स्थितीत. स्वभाव मूळचाच. बुजवू नये.’