पाचव्या दिवसाची फुंकर

फुंकरबाबांच्या अंगणात मुंगीला शिरायला वाव नव्हता. बाबांनी मामीच्या कपाळावर फुंकर मारली. चेल्याने थर्मामीटर उंच धरला. "अठ्ठ्याण्णव!"

"चार दिवस एकशे तीन होता हो!" मामांना रडू फुटलं.

"ताप म्हणजे पाहुणा, बरं का!" बाबा गर्दीकडे वळले. "चार दिवस त्याचा पाहुणचार करायचा. पाचव्या दिवशी माझ्याकडे या. एक फुंकर, की निघाला चपला घालून!"

सगळे हसले. भाचीला हसू आलं नाही. डॉक्टरकीचा परवाना देणाऱ्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा पाठ करत असलेलं पानच आता समोर कण्हत होतं. मामीचे हात गार आणि ओलसर होते, नाडी दोऱ्यासारखी लागत होती. मामी पोट घट्ट धरून बसली होती. सकाळपासून लघवीही नव्हती.

"मामा, हा डेंग्यू वाटतोय. याचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआपच उतरतो. म्हणून तर बाबा आधी कुणाला हात लावत नाहीत! पण खरा धोका ताप उतरल्यावर. रक्तातलं पाणी आतल्या आत झिरपतं. आत्ताच्या आत्ता सलाईन लागायला हवं."

"ऐका! ताप गेला आणि धोका आला!" बाबा म्हणाले. "पोरी, पास झालीस का गं?"

अंगण खदखदून हसलं. मामा वरमून पुटपुटले, "आज कुठे ती जरा शांत झालीय. तुझं पुस्तक नको काढूस बाई."

भाची मागे सरली. आपणच चुकत असलो तर? दोनदा आपटलेल्या माणसाला स्वतःचं खरं वाटणंही जड जातं. त्या विचारात तास गेला. मामी भलतंसलतं बोलू लागली, तेव्हा कुठे मामांनी रिक्षा बोलावली.

"सकाळी आणायला हवं होतं," इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. दिवेलागणीच्या आत मामी गेली.

बाबांच्या कानावर हे गेलंच. "ताप मी उतरवला की नाही? आयुष्याची दोरी वरच्याच्या हातात!"

आठवडाभराने भाची अंगणाच्या फाटकाशी उभी राहिली. रांग तेवढीच होती.

"ताप कुणाच्या फुंकरीने उतरत नाही. तो उतरला म्हणून निर्धास्त राहू नका. पोट दुखतंय का विचारा, हातपाय गार पडलेत का बघा, आणि तडक दवाखाना गाठा. माझं नका ऐकू, तिथल्या डॉक्टरांना विचारा."

एका बापाने लेकीचा हात हातात घेतला, नीट चाचपला, आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकला.