आतल्या वळणाचा गाळ

"साहेब, खुंटी इथे ठोकू नका. पाच वर्षांत विहिरीचं तोंड बुजेल."

इंजिनिअरने नकाशावरून मान वर केली. शहराच्या पाण्याची विहीर बांधायला त्याने नदीच्या वळणाची आतली बाजू निवडली होती. आणि मोजणी-चौकीवरची ही बाई त्याला अडवत होती.

रोज नावेतून मध्यधारेत जायचं, बाटलीत पाणी भरायचं, गाळ तळाला बसू द्यायचा, वाळवून त्याचं वजन वहीत लिहायचं. बाईंची सव्वीस वर्षं यात गेली होती. लोक त्यांना गाळबाई म्हणत. त्याही हसून ओ देत.

"इथे पाणी चांगलं खोल आहे, बाई."

"आज आहे. पण आतल्या वळणाला पाणी रेंगाळतं. वेग गेला की नदी ओझं टाकते. आधी गोटे, मग वाळू, शेवटी चिखल. खोटं वाटत असेल तर काठ खणून बघा."

दोन गडी लावून पुरुषभर खड्डा खणला. बाई आत उतरल्या. खड्ड्याच्या भिंतीत थरावर थर दिसत होते. त्या वरून खाली बोट ठेवत एकेक मागचं वर्ष सांगू लागल्या, इंजिनिअर काठावर बसून वही पडताळू लागला. जाड थराच्या वर्षी वजन जास्त, पातळ थराच्या वर्षी कमी. एकही चुकेना. तेराव्या थराला तो उठला आणि त्याने स्वतःच खुंटी उपटली.

"पटलं, बाई. विहीर समोरच्या काठाला, खडकावर. या वर."

"एवढं खणलंय तर तळापर्यंत जाऊ द्या, साहेब."

वहीतलं पहिलं वर्ष आलं तरी खाली एक थर उरला. निव्वळ गोटे. बाई तिथे थांबल्या.

"हा मोठ्या पुराचा."

"याची नोंद नाही वहीत."

"नसणारच. तेव्हा वही ह्यांच्याकडे असायची. पाणी मोजायला गेले नि नाव उलटली. ना हे सापडले, ना वही. मी लागले ती त्यांच्या जागेवर."

गडी फावडी टेकून उभे राहिले. बाईंनी टेप लावला, डोळे बारीक करून आकडा वाचला.

"सतरा सेंटिमीटर. लिहा, साहेब."

इंजिनिअरने वहीचं पहिलं पान उघडलं. पहिल्या नोंदीच्या वर बोटभर जागा कोरी होती. तिथे त्याने सावकाश, सुवाच्य अक्षरात आकडा लिहिला आणि शाई वाळेपर्यंत वही मिटली नाही.