तीस सेंटीमीटरची रेघ

मी क्रोनोग्राफ बोलतोय. नाव जड आहे, काम सोपं आहे. एअरगनच्या नळीतून सुटलेला छर्रा किती वेगाने जातो, ते मी सांगतो. म्हणजे सांगायचो. सध्या माझ्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आहे, तिच्यावर ‘नादुरुस्त’ असं लिहिलंय. ती चिठ्ठी कुणी लिहिली, तेच सांगायला बसलोय. बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

माझा जन्म एका वर्कशॉपमधल्या लाकडी टेबलावर झाला. एअरगन दुरुस्त करणारा एक मिस्तरी आणि त्याची धाकटी बहीण, अशी दोघं माझे आईबाप म्हणा. मिस्तरीला ती दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणतो. बहिणीला सगळे ताई म्हणत, दादा मात्र केस पिकले तरी तिला चिमीच म्हणायचा. दादाच्या हातात कसब होतं आणि ताईच्या डोक्यात गणित. त्याने वायरी जोडल्या, तिने हिशेब बसवला.

मला दोन डोळे आहेत. एका पट्टीवर एकापुढे एक बसवलेले. त्यांना रंग कळत नाही, चेहरे कळत नाहीत. उजेड आणि सावली, एवढंच दिसतं. छर्रा पहिल्या डोळ्यावरून गेला की सावली पडते आणि माझं घड्याळ सुरू होतं. दुसऱ्यावरून गेला की थांबतं. दोन डोळ्यांमधलं अंतर ठरलेलं, लागलेला वेळ मी मोजलेला, मग वेग काढायला काय लागतं?

ते अंतर तीस सेंटीमीटर. पोलादी पट्टी लावून ताईने स्वतः मोजलं आणि दुसऱ्या डोळ्याच्या जागी दाभणाने बारीक रेघ ओढली. म्हणाली, “दादा, या रेघेवर सगळं आहे. ही हलली तर हा तोंडभर खोटं बोलेल आणि याला कळणारही नाही.”

दादा हसला. “माझ्या हातचे स्क्रू आहेत, चिमे. हलतायत कसले!”

ट्यूबलाइटचा उजेड थरथरतो आणि मला चकवतो, म्हणून वरून पुठ्ठ्याचं काळं झाकण बसवलं. झाकणाखाली रेघ दिसेनाशी झाली. तेव्हा कुणाच्या मनातही काही आलं नाही.

ताई नेमबाजीचा हॉल चालवायची आणि मी तिथल्या टेबलावर असायचो. दहा मीटरवर कागदी लक्ष्य, त्यामागे तिरका लोखंडी पत्रा. हॉलचा नियम एकच आणि कडक. साडेसात ज्यूलपेक्षा जास्त जोराची बंदूक आत आणायची नाही. नव्या माणसाला ती पत्र्यापाशी नेऊन सांगायची, “पत्रा गुळगुळीत आहे तोवर छर्रा चपटा होऊन खाली पडतो. जास्त जोराने मारलंत तर खळगा पडेल, आणि खळग्यात गेलेला छर्रा आल्या वाटेने परत येतो.”

जोर कसा काढायचा, तेही ती शिकवायची. छर्ऱ्याचं वजन घ्यायचं, वेगाचा वर्ग करायचा, गुणायचं आणि निम्मं करायचं. “वेग दहा टक्के वाढला ना, तर जोर एकवीस टक्के वाढतो. म्हणून थोडंसंच जास्त आहे हो ताई, असं मला सांगायचं नाही.” काही वस्ताद लोक घरून निराळे छर्रे आणायचे, बंदूक पास व्हावी म्हणून. ताई ते बाजूला ठेवून आपली डबी पुढे करायची. सगळ्यांना त्याच डबीतले, अर्ध्या ग्रॅमहून जरासे जड.

आणि दर रविवारी, इतर कुणाच्या आधी, ती स्वतःच्या जुन्या बंदुकीतून माझ्यावरून तीन छर्रे सोडायची. तिला ती ‘ओळखीची बंदूक’ म्हणायची. बारा वर्षं त्या बंदुकीचा वेग सेकंदाला एकशे पासष्ट मीटर. मी एकशे पासष्ट दाखवलं की ती माझ्या पाठीवर थाप मारायची. माणसं एकमेकांना तपासत नाहीत, मला दर आठवड्याला तपासत होती, याचा मला केवढा अभिमान होता!

मग दादाच्या मुलीचं लग्न झालं आणि जावई आले. माणूस वाईट नव्हता, हरायची सवय नव्हती इतकंच. हॉलमधल्या स्पर्धेत दोनदा मागे पडल्यावर त्यांनी खापर बंदुकीवर फोडलं. दादाने कौतुकाने नवी दणकट स्प्रिंग बसवून दिली. शनिवारी मोजायला आले, तर मी दाखवलं एकशे चौऱ्याऐंशी. नऊ ज्यूल.

“बाबा, आता?” जावई म्हणाले. “हीच बंदूक आणणार म्हणून सगळ्यांना सांगून बसलोय मी. तुमची मुलगीसुद्धा मैत्रिणींना घेऊन येणार आहे. जरा बघा ना काही होतंय का.”

दादाने आधी मान हलवली. मग जावयांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कुणाच्याही बंदुकीला तोंडावर नाही म्हणणारा माझा दादा तिथे पाघळला. त्याने झाकण काढलं, दोन स्क्रू सैल केले आणि माझा दुसरा डोळा तीन सेंटीमीटर पुढे सरकवला.

मला काय वाटलं, ते कसं सांगू? ज्या हातांनी मला घडवलं, त्याच हातांनी माझा केसाने गळा कापला. छर्ऱ्याला आता तेहतीस सेंटीमीटर जावं लागत होतं आणि मी आपला तीसच्या हिशेबाने बोलत होतो. पुढचा छर्रा सुटला आणि मी भाबडेपणाने दाखवलं, एकशे सदुसष्ट. साडेसातच्या आत. जावई खूश झाले.

“निघाले की परत जागेवर आणतो,” दादा स्वतःशी पुटपुटला. पण जावई निघाले ते त्याला जेवायला घेऊनच. दादा विसरला.

दुसऱ्या दिवशी रविवार. ताईने ओळखीची बंदूक उचलली. तीन छर्रे. एकशे पन्नास, एकशे पन्नास, एकशे एक्कावन्न.

ती थबकली. एकतर मी चुकत होतो, नाहीतर तिची बारा वर्षांची बंदूक. मी जिवाच्या आकांताने वाट पाहत होतो, झाकण काढ, रेघ बघ. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “हा कशाला चुकेल? माझीच स्प्रिंग थकली, दादा.”

दादा शेजारीच उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. त्याने घसा खाकरला. “बारा वर्षं झाली, थकणारच. आण इकडे, बदलून देतो.”

आणि त्याने खरंच बदलली. मी एकशे पासष्ट दाखवेपर्यंत स्प्रिंगचा ताण वाढवत नेला. मग हॉलच्या सहा बंदुकांची पाळी आली. त्या सगळ्या ताईच्या बंदुकीच्या वेगाला लावलेल्या असायच्या. त्याही माझ्यावर मंद दिसू लागल्या.

“सहाच्या सहा एकदम कशा थकल्या रे?”

“एकदमच घेतल्या होत्यास ना,” दादा म्हणाला.

एकेक स्प्रिंग बसत गेली तसं माझं जागेवर येणं लांबत गेलं. आता मला रेघेवर आणलं तर सगळ्याच बंदुका नियमाबाहेर निघणार होत्या. दादा माझ्याकडे बघायचं टाळू लागला. आणि तिकडे पत्र्याला खळगे पडत होते.

तीन महिन्यांनी ते झालं. सकाळची वेळ. एक रिटायर झालेले पोस्टमास्तर हॉलची बंदूक घेऊन नेम धरत होते. ताई टेबलापाशी उभी राहून चष्म्यावर आलेली वाफ पुसत होती. सगळ्यांना चष्मा घातल्याशिवाय उभं न करणारी ताई, त्या दोन मिनिटांसाठी चष्म्याविना होती. आवाज झाला आणि तिने डाव्या डोळ्यावर हात दाबला. पोस्टमास्तर खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडू लागले. “मी समोरच मारला हो,” एवढंच म्हणत राहिले.

डोळा राहिला, नजर गेली. त्या डोळ्याला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. माझ्या डोळ्यांना कळतं तेवढंच.

हॉल ज्यांच्या मालकीचा होता, त्या मंडळाची तीन माणसं हॉलमध्ये आली, त्यांनी दादाला बोलावलं. बंदुका पास कशा झाल्या, म्हणून विचारलं. दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

“यंत्रच फसवं निघालं. कमी दाखवत होतं. मला काय माहीत?”

मी ऐकत होतो. बारा वर्षं एका छर्ऱ्याचंही खोटं सांगितलं नव्हतं मी! पण मला आशा होती. मंडळाची माणसं म्हणाली की ताई बरी झाली की तिलाच तपासू दे. म्हटलं, आता बघ, दादा.

ती आली. डोळ्यावर पट्टी होती. मंडळाच्या माणसांना तिने बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि माझं झाकण काढलं. रेघ मोकळी पडलेली, डोळा तिच्यापासून दूर. तिने पोलादी पट्टी लावली. एकच डोळा उरल्यामुळे तिला खूप वाकावं लागलं.

“तेहतीस,” ती म्हणाली. “दादा, कोणी सरकवला?”

दादा फडक्याने हात पुसू लागला.

“स्क्रू तुझ्या हातचे आहेत. आपोआप हलत नाहीत.”

“चिमे, जावईबापूंचा शब्द मोडवला नाही गं. मी लगेच परत लावणार होतो. मग तू म्हणालीस स्प्रिंग थकली, आणि...”

ताईने मला रेघेवर आणून घट्ट बसवलं. ओळखीची बंदूक घेतली आणि वाळूच्या पोत्यावर तीन छर्रे सोडले. मी दाखवलं, एकशे एक्क्याऐंशी. तिन्ही वेळा. किती दिवसांनी खरं बोललो होतो मी! तिने मला दादाकडे वळवलं.

“वाच.”

“एकशे एक्क्याऐंशी,” दादा रडत म्हणाला.

मी वाट पाहत होतो, आता ती दार उघडेल. तिने उघडलं. बाहेरच्यांनी विचारलं, “काय निघालं, ताई?”

तिने एकदा भावाकडे पाहिलं. दादाची पोरगी सासरी कसं तोंड दाखवेल, तेच तिच्या मनात आलं असावं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

“बिघडलंय,” ती म्हणाली. “भरवशाचं राहिलं नाही. नवीन घ्या.”

मग टेबलावरचा कागद फाडून तिने ‘नादुरुस्त’ लिहिलं आणि माझ्या गळ्यात बांधलं. अक्षर ताईचं आहे. दादाने केलं ते मी एक वेळ सोसलं असतं, तो घरच्यांपुढे जात्याच मऊ. पण ताई, तू तर रेघ ओढली होतीस.

सगळ्या बंदुकांच्या स्प्रिंगा दादाने गुपचूप पुन्हा पहिल्या जोरावर आणल्या, जावयांच्या बंदुकीचीही. हॉलमध्ये नवं यंत्र आलं. मी दादाच्या वर्कशॉपमधल्या फळीवर आहे. तो फळी पुसतो, माझ्याभोवतीची जागा पुसतो, मला हात लावत नाही. ताई कधी आली तर दारातूनच बोलते.

मी कुणाचं नाव सांगणार नाही, मला नावं दाखवताच येत नाहीत, आकडे तेवढे येतात. माझं मागणं लहान आहे. ताईने घट्ट केलेले स्क्रू अजून तसेच आहेत, डोळा रेघेवर आहे. कुणीतरी ओळखीची बंदूक घेऊन या आणि माझ्यावरून तीन छर्रे सोडा. मी एकशे पासष्ट दाखवलं, तर ही चिठ्ठी काढा. आणि काढायला ताईला बोलवा.