दिपालीचं ताट

मी सरिता. सारी नोकरी एसटीत केली, उमरेड डेपोले कंडक्टर होती. आवाज तेव्हापासूनच असा आहे, त्याले इलाज नाही. घरात साधं बोलली तरी शेजारच्याले वाटते भांडून राहिली. कधीकधी भांडूनच राहिली असते, ते वेगळं.

मागच्या उन्हाळ्यात माह्या लहान भावाचा, प्रेमानंदचा, नागपूरवरून फोन आला. "ताई, येतं का काही दिवस? उन्नतीचं वजनच वाढून नाही राहिलं. डॉक्टरीण म्हणे, पुढच्या महिन्यात काटा हलला नाही तं भरती करा लागन."

उन्नती त्याची पोट्टी, दीड वर्षाची. लहान होती तेव्हा तिले पहिल्यांदा दही-भात चारला अन् घडीभरात तिचं तोंड सुजून पपईवाणी झालं. पळत पळत दवाखान्यात नेली. तेव्हापासून तिले दूध बंद. दूध म्हणजे नुसतं दूध नाही. दही, ताक, लोणी, तूप, पेढा, दुधाची पावडर टाकलेलं बिस्कुटबी. अन् पोट्टी अजून अंगावर पिते, म्हणून तिच्या आईले, दिपालीलेबी तेच पथ्य.

प्रेमानंद लाईनमन आहे. मे महिन्यात नागपुरात कूलर सुरू झाले की ट्रान्सफॉर्मर उडते अन् हा दिवसभर खांबावर. आमची माय केव्हाचीच गेली, अन् दिपालीच्या मायले तिचं घर सोडून येता येत नाही. म्हणजे दिपालीच्या हाताखाली उरली कोण? मी. पिशवीत तीळ, शेंगदाणे, जवस भरले अन् बसली बसमधे.

नागपुरात इंदोरा मोहल्ल्यात त्याच्या घरी पोचली तं पोट्टी दारातच बसून होती. हातापायाच्या काड्या अन् डोळे एवढे मोठे. हातात बाटली, बाटलीत पांढरं. मी पिशवी तिथंच टाकली.

"हे काय वं दिपाली? दूध?"

"नाही ताई, भाताची पेज आहे. दुधाच्या जागी काही तं पाहिजे ना. दिवसभर तेच पिते बिचारी."

"अवं, पांढरं दिसलं म्हणजे दूध होते का? मग चुना काहून नाही कालवून पाजत?"

निघून गेलं तोंडातून. तिचे डोळे भरून आले. मग मलेच माह्या चुन्याचं हासू आलं, अन् मी हासली तशी तीबी रडता रडता हासली. पोरगी गरीब आहे स्वभावाची. मी अशी बोलली तरी तिनं पहिले माह्यासाठी पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी डॉक्टरीणबाईकडे गेलो. विचाराले मी काही लाजत नाही. म्हटलं, "मॅडम, काय नाही द्यायचं ते हिले पाठ झालं आहे. काय द्यायचं ते सांगा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेजेनं पोट भरतं, अंग नाही भरत. दिवसभर पेज पिते म्हणून जेवणाच्या वेळी तिला भूकच नसते. बाटली बंद करा. दूध सोडून तुमच्या घरात जे शिजतं ते तिला द्या, एकेक करून. डाळ, अंडं, मासोळी, तीळ, शेंगदाण्याचं बारीक कूट, पालेभाजी. वरून तेल घाला. अन् कॅल्शियमचं औषध चुकवू नका."

मग काय, राज्य माह्या हाती. वरणावर तेलाची धार, भाकरीवर तिळाचं कूट, खिचडीत मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला. मुनगा तिनं सरळ माह्या लुगड्यावर थुकला. मी म्हटलं, थांब बेट्या, तू नंबरी तं मी दस नंबरी. पाला बारीक चिरून भाकरीच्या पिठातच मळला, तेव्हा मुकाट्यानं खाल्ला. अंड्याची भुर्जी दिसली की टाळ्या पिटे. बाटलीसाठी मात्र अशी बोंबलली की मोहल्ल्याले वाटलं, आत्या आली अन् लेकराले मारून राहिली. चार दिवस घरात कोणाले झोप नाही. पाचव्या दिवशी सकाळी वाटी घेऊन स्वतःच चुलीपाशी आली. चूल म्हणजे आपला गॅस.

दिपाली सगळं करू लागे, पण जिवात जीव नसे तिच्या. पोट्टीनं काही नवं खाल्लं की समोर बसून तिच्या तोंडाकडे पाहत राहे. "ताई, गाल लाल दिसते का हो?"

"गाल आहे तो. लाल नाही दिसन तं काय निळा दिसन?"

हळूहळू पोट्टी कडेवर जड लागाले लागली. मले एवढं बरं वाटे की काय सांगू. पण दिपाली सुकत चालली होती. उठताना कमरेले हात लावे, अन् कंगव्यात केसांचा गुंता निघे. "नीट जेवत जा वं," म्हटलं की म्हणे, "जेवते ना ताई, तुमच्या मागून." घरात रीतच तशी पडली होती. पोट्टीचं झालं की मी अन् प्रेमानंद बसो, दिपाली वाढे, अन् आम्ही उठलो की ती आपलं ताट घेऊन सैपाकखोलीत बसे. आतमधे जाऊन कोणी कोणाचं ताट पाहत नाही.

मग बुद्धपौर्णिमा आली. आमच्या विहारात त्या दिवशी वंदना झाली की भोजनदान असते, अन् खीर तं असतेच. मी दिपालीले म्हटलं, "आज वाढाले नाही जायचं. माह्या बाजूले पंगतीत बस, पोट्टीले मांडीवर मी घेते." सैपाक करणाऱ्या बायाले मी आधीच विचारून घेतलं होतं. मसालेभात, वांग्याची भाजी, वरण, शेंगदाण्याची चटणी, कशातच दुधाचा थेंब नव्हता. फक्त खीर तेवढी टाळायची.

खीर वाढत कौसल्याबाई आल्या. महिला मंडळाच्या त्या म्होरक्या, अन् लेकरावर फार जीव. "अवं सरिता, आजच्या दिवशी तं बोटभर चाटव. तथागताच्या नावाची खीर आहे, तिनं काय होते?" असं म्हणत त्यायनं बोट बुडवलंबी अन् पोट्टीच्या तोंडापाशी आणलंबी.

"हात मागं घ्या, कौसल्याबाई!"

माहा आवाज असा निघाला की सारा मांडव माह्याकडे पाहाले लागला. वाढणारे हातात बादल्या घेऊन उभेच्या उभे. कौसल्याबाईचं तोंड उतरलं. मले वाईट वाटलं. मग मी त्यायले हळू आवाजात सांगतलं, म्हणजे माह्यासाठी हळू, की एवढ्याशा दुधानं पोट्टीचं तोंड सुजते, श्वास अडकते, हे लाड नाही, बिमारी आहे.

"मायबाई! मले काय माहीत वं!" बाईनं बोट पदराले पुसलं, मग ते बरोबर नाही असं वाटलं असन, नळावर जाऊन साबणानं हात धुवून आल्या. अन् येता येता ओरडल्या, "या ओळीत खीर आणू नका गा कोणी!" मनाची लई चांगली आहे बाई.

हे सगळं निस्तरलं अन् मी बाजूले पाहिलं. दिपालीच्या पत्रावळीवर मूठभर पांढरा भात अन् मीठ. बस. मसालेभातवाला आला, तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला. वरण आलं, हात. वांगं आलं, हात. शेंगदाण्याची चटणी आली, तेव्हाबी हात. तिले दूध वर्ज्य आहे ते मले माहीत होतं. वरण कोणी वर्ज्य केलं?

घरी आलो, पोट्टीले झोपवली, अन् विचारलं, "तू रोज हेच खाते का वं? मीठ-भात?"

तिनं आधी पोट्टीचं पांघरूण नीट केलं. मग म्हणे, "कधी भाकर खाते ना ताई. मिरची खाते."

"अन् डाळ? भाजी? मी एवढं रांधून ठेवते ते?"

"वांग्यानं खाज सुटते म्हणते. डाळीनं लेकराचं पोट फुगते. अंड्याचं अन् शेंगदाण्याचंबी ऐकलं आहे मी, अंगावर पिणाऱ्याले बाधते म्हणून."

"अवं भैताड, ती पोट्टी स्वतः अंडं खाते! टाळ्या पिटून खाते!"

"तिनं खाल्लेलं दिसते ताई," दिपाली म्हणे. "गालावर दिसते, मले लगेच समजते. माह्यातून जाते ते दिसत नाही."

मग ती बोलतच गेली. दह्याच्या आधीपासूनच पोट्टीच्या शीमधे रक्त पडे. कोणाले काही समजेना. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, आई काय खाते, अन् सगळे तिच्याकडे पाहाले लागले. "माहेरून पेढे आले होते ताई. बाळंतीण म्हणून मायनं बासुंदी पाठवली होती. दूध वाढावं म्हणून रोज पेलाभर दूध प्यायची. आवडीनं प्यायची. मीच तिले पाजत होती ते. मीठ-भातानं कोणाले काही होत नाही." कॅल्शियमच्या गोळ्याबी तिनं बंद करून ठेवल्या होत्या, न जाणो त्यातबी काही असन म्हणून.

राग आला, पण तिचा नाही. प्रेमानंदचा आला, माहाबी आला. आई काय खाते हे साऱ्या दुनियेनं तिले विचारलं, अन् आई जेवली का हे कोणी विचारलं नाही. मी तिले जवळ ओढली. पाठीवर हात फिरवला तं मणका न् मणका हाताले लागला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखाना. उन्नतीले काट्यावर बसवली अन् डॉक्टरीणबाई हसल्या. वजन चांगलं वाढलं होतं, भरतीची गोष्ट संपली. दिपालीनं तिथंच हात जोडले.

मी म्हटलं, "मॅडम, आता हिलेबी उभी करा काट्यावर."

"माह्यं काय ताई," दिपाली मागं सरून राहिली. मी तिले दंडाले धरून उभीच केली. डॉक्टरीणबाईनं काटा पाहिला, तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली. हसू गेलं त्यांचं.

"हे काय करून घेतलं तुम्ही? मी फक्त दूध बंद सांगितलं होतं." मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "तुम्ही खाल्लं नाही तरी मुलीला दूध मिळतं, कारण शरीर ते तुमच्या हाडांतून काढून देतं. पण किती दिवस देईल? असंच चाललं तर मला अंगावरचं तोडायला सांगावं लागेल."

"नाही मॅडम!" दिपालीचा आवाज मी पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. "तिले दुसरं कोणतंच दूध चालत नाही. एवढं एकच चालते."

"म्हणूनच सांगते आहे. दूध सोडून सगळं खा. आजपासून. गोळ्याही घ्या. अन् तुमच्या खाण्यानं तिला काही झालं असं वाटलं, तर उपाशी राहू नका, मला फोन करा."

घरी आल्यावर मी भाकरी टाकल्या, तुरीचं वरण केलं, अंडे परतले, तिळाची चटणी वाटली. प्रेमानंद जेवाले आला तं त्याले म्हटलं, "तू नंतर. आज पहिले ती जेवन, अन् तू वाढशीन." दवाखान्यातलं सगळं त्यानं ऐकलं होतं. डाव हातात घेऊन उभा राहिला.

दिपालीनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, तोंडापाशी नेला अन् खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "नाही होत ताई. रात्री तिले काही झालं तं?"

"झालं तं मी आहे, हा आहे, दवाखाना आहे. तू एकटी नाही वं."

मान हालवली तिनं, पण तुकडा काही उचलेना. जबरदस्ती कशी करू? भीती काय रागावून जाते?

तेवढ्यात पोट्टी लुटुलुटु आली अन् आईच्या मांडीत बसली. ताटातल्या अंड्यात हात घातला, एक घास स्वतःच्या तोंडात कोंबला. मग दुसरा उचलला, अर्धा सांडवला, अन् उरलेला आईच्या ओठाले लावला. "आ कल," म्हणे. "मम्मी, आ."

दिपालीनं आ केला. करावाच लागला. घास तोंडात गेला अन् ती चावाले लागली, अन् तिच्या गालावरून पाणी वाहाले लागलं. पोट्टीनं टाळ्या पिटल्या अन् पुढचा घास भरवला. मग दिपालीनं स्वतःच्या हातानं भाकर मोडली. वरण खाल्लं, चटणी खाल्ली. मी म्हटलं, "रडत रडत जेवू नये, ठसका लागते," अन् पाण्याचा गिलास तिच्यापुढं सरकवला.

ताट पुसून झालं. प्रेमानंद भाकर हातात घेऊन तिथंच उभा होता. बिचाऱ्याले वाढाची सवय कुठं? "अर्धी देऊ का अजून?" त्यानं घाबरत घाबरत विचारलं.

दिपालीनं पदरानं डोळे पुसले अन् ताट पुढं सरकवलं.

"अर्धी नको," म्हणे. "अख्खी द्या. भूक लागली आहे मले."