साहेब घरात आहेत

त्या काळी त्या शहरातली माणसं सकाळी उठल्यावर आधी खिडकीतून झेंडा बघत आणि मग घड्याळ. टेकाडावर अध्यक्षांचं निवासस्थान होतं. त्याच्या गच्चीवर उंच काठी, आणि त्या काठीचा नेम असा, की साहेब घरात असले की झेंडा वर, साहेब गावाला गेले की झेंडा खाली. हा नेम कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पाच अध्यक्ष आले नि गेले, पण तो काही मोडला नाही. झेंडा खाली दिसला की शाळेतली पोरं म्हणत, "आज साहेब घरी नाहीत, आज गृहपाठ नको." जसे काही साहेबच वह्या तपासायला बसत!

काठी सांभाळणाऱ्या माणसाला सगळे झेंडेकाका म्हणत. गच्चीच्या कोपऱ्यात त्यांची खोली होती. खोलीत झेंड्यांची पेटी, दोराला लावायच्या मेणाचा डबा, सुईदोरा आणि भिंतीला एक फोन. साहेबांची गाडी फाटकातून निघाली किंवा आत आली की खालून त्या फोनवर वर्दी येई आणि काका दोराला हात घालत. बावीस वर्षांत त्यांच्याकडून पाच मिनिटांचीही चूक झाली नव्हती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक एकच, ती शहराच्या पार पूर्वेच्या टोकाला, गिरणीमागच्या गल्लीत दिलेली.

त्या वर्षी पूर्वेच्या सरहद्दीवर लढाई पेटली. आधी महिनाभर बातम्या बऱ्या येत होत्या, मग त्या गोलगोल येऊ लागल्या, आणि मग वर्तमानपत्रात हवामानच जास्त छापून यायला लागलं. जावई पहिल्याच तुकडीबरोबर गेला होता. एकोणीस दिवस त्याचं पत्र नव्हतं. लेकीला नववा महिना लागला होता.

आणि अशात एका रविवारी सकाळी खोलीतला फोन वाजला. साहेब निघालेत. काका सवयीने दोराकडे गेले, गाठ सोडली, तोच जिन्यावर पावलं वाजली. साहेबांचे चिटणीस धापा टाकत वर आले. चार महिन्यांत हा माणूस निम्मा झाला होता, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"काका, राहू द्या. झेंडा वरच राहू दे."

"साहेब गेले ना पण?"

"गुरुवारी येतायत. चारच दिवस. तळ्यावर, विश्रांतीला." चिटणिसांनी आवाज खाली आणला. "ही गोष्ट या गच्चीवरून खाली जाता कामा नये. गेली तर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही, आणि नोकरीवरच भागेल असंही नाही."

काकांनी गाठ पुन्हा मारली.

दुपारी बागेतला माळी चहा घेऊन वर आला. त्याच्यापासून काही लपणं शक्य नव्हतं, गाडीत सामान ठेवायला तोच होता.

"गळ नेलेत," तो म्हणाला. "मासे धरायचे गळ, तीन. आणि उन्हाची मोठी टोपी. लढाईवर टोपी घालून जातात का हो काका?"

"माणूस आहे तो. थकला असेल."

"थकला असेल की! माझी म्हातारीही थकलीय, तिला सांगू का, जा बाई तळ्यावर?" माळ्याने बशीत चहा ओतला. "तिकडे पोरं खंदकात उभ्याउभ्या झोपतायत आणि हे गळ टाकून बसणार. उद्या लागला मासा तर पेपरात येईल, शत्रूची मोठी हानी."

काका हसले. साहेबांना त्यांनी जवळून पाहिलं होतं. परवाच गच्चीवर येऊन कठड्याला टेकून उभे होते, डोळे आत गेलेले. "काका, तुम्हाला झोप लागते का हो?" असं त्यांनी विचारलं होतं. अशा माणसाने चार दिवस झोपून घ्यावं, यात काकांना पाप वाटत नव्हतं. पण डोक्यावर फडफडणारं ते कापड त्यांना बघवेना. बावीस वर्षांत ते पहिल्यांदा खोटं बोलत होतं, आणि बोलवणारे हात त्यांचेच होते.

मंगळवारी ते लेकीकडे गेले. रस्ते अर्धे रिकामे, दुकानांच्या फळ्या निम्म्या लागलेल्या. कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं घोळक्याने उभी राहून मान वर करून टेकाडाकडे बघत होती. बघून झालं की खांदे सैल सोडत आणि आपापल्या वाटेने जात.

लेक उंबऱ्याशीच बसली होती. पाय सुजले होते. विहीणबाई आत पलंगावर, गुडघ्यांना पट्टे बांधून. बाई जिभेच्या तिखट, पण सुनेला फुलासारखं जपत. लेक त्यांना सोडून पाऊलही टाकायची नाही.

"विहीणबाई," काका म्हणाले, "सामान बांधा. उद्याच पश्चिमेचा पूल ओलांडून नदीपलीकडे जाऊ. माळ्याचं घर आहे तिकडे, खोली देतोय."

"का? काय झालंय?"

"तोफा ऐकू येत नाहीत का तुम्हाला?"

"गिरणी चालू होती तेव्हा याहून जास्त आवाज येत होता." विहीणबाईंनी खिडकीकडे बोट केलं. गिरणीच्या धुराड्याशेजारून, दूर टेकाडावर, तो तळहाताएवढा रंगीत तुकडा हलत होता. "ते बघा. तो माणूस बसलाय ना जागेवर? तो बसलाय तोवर मी बसलेय. माझा लेक परत आला तर मला इथे शोधणार, का माळ्याच्या घरी?"

काकांनी दार लोटून घेतलं. बावीस वर्षांचं मीठ खाल्लेलं तोंड उघडायला त्यांना जड गेलं. "साहेब तिथे नाहीत. रविवारीच गेले."

लेकीने चटकन वडलांकडे पाहिलं. तिला कळलं, तिचा विश्वास बसला. पण विहीणबाई खो खो हसल्या.

"ऐकलंस का गं? तुझे वडील मला उठवायला काय काय रचतायत! अहो व्याही, झेंडा तुम्हीच लावता ना? मग साहेब नाहीत तर तो वर कसा?"

"मला लावायला लावलाय."

"म्हणजे तुम्ही सबंध गावाला फसवताय, आणि मला तेवढं खरं सांगताय? मोठाच मान दिलात की." हसू मावळलं. म्हातारीने पदर आवळून घेतला. "तो खाली आणून दाखवा, मग मी उठते. तुमच्या तोंडी सांगण्यावर घर सोडायची नाही."

निघताना लेक गल्लीच्या तोंडापर्यंत आली, औषधवाल्याच्या दुकानाशी. "बाबा, मी त्यांना टाकून येणार नाही. पण काही कमीजास्त झालं तर इथे फोन करा. हे दादा बोलावतील मला."

"करीन."

"आणि जपून बोला. तुम्हाला लपवता येत नाही काही."

बुधवारी सकाळी माळी वर आला तो चहाशिवाय. पलीकडच्या काठावर राहणारा तो, रोज पुलावरून यायचा.

"काका, पुलाच्या खांबांना पेट्या बांधतायत. फौजेची माणसं. मी विचारलं, कसल्या रे पेट्या, तर एक पोरगा म्हणाला, आजोबा, उद्यापासून कामाला नका येऊ."

काका दोराकडे बघत म्हणाले, "साहेब उद्या येतील. आले की बघतील."

"उद्या कुठले! धोबीण सांगत होती, आणखी आठ दिवसांचे कपडे मागवलेत. मुक्काम वाढवलाय."

काका तडक खाली गेले. आयुष्यात पहिल्यांदा वर्दी न देता चिटणिसांच्या खोलीत शिरले. चिटणीस टेबलावर कोपरं टेकून, डोळे मिटून बसले होते. तीन फोन शेजारीशेजारी वाजत होते आणि ते एकही उचलत नव्हते.

"आठ दिवस?" काका म्हणाले.

"बसा."

"पूल उडवणार आहेत. लोकांना सांगा."

"सांगून काय करू? अडीच लाख माणसं, एक पूल." चिटणिसांनी डोळे उघडले. "साहेब तीन आठवडे झोपले नव्हते, काका. नकाशासमोर उभ्याने रडायचे. झोप नसलेल्या ड्रायव्हरच्या हातात गाडी द्याल तुम्ही?"

"नाही देणार. झोपू दे की त्याला. पण गाडी थांबवून, उतारूंना सांगून झोपावं. आत बसलेल्यांना वाटतंय, गाडी तोच चालवतोय."

"तो झेंडा वर आहे म्हणून शहर शांत आहे. तुम्हाला वाटतं तो साहेबांसाठी आहे?"

"माझी लेक गिरणीमागे राहते," काका म्हणाले.

चिटणिसांनी एक फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

काका वर आले. खोलीतला फोन उचलून औषधवाल्याला लावला. "दादा, माझ्या लेकीला सांगा, विहीणबाईंना खिडकीशी बसव. आत्ता."

मग गच्चीवर येऊन त्यांनी गाठ सोडली. दुपारचे बारा वाजत होते. वारा पडला होता. झेंडा कुरकुर न करता, सरळ, शहाण्या पोरासारखा खाली आला. काकांनी छातीशी धरून त्याची चार पदरी घडी घातली आणि ती पेटीत ठेवली. मन इतकं हलकं झालं की त्यांना रडू आलं.

ते कठड्याशी आले तेव्हा खाली अजून काहीच झालं नव्हतं. चौकात एक बाई पिशवी घेऊन उभी होती. तिने वर पाहिलं. शेजारच्या माणसाला कोपराने ढोसलं. त्याने वर पाहिलं. मग अख्खा चौक उभ्या जागी थिजला. एवढी माणसं, पण पाखराचाही पंख वाजू नये अशी शांतता. आणि मग कोणीतरी ओरडलं, "पळाले! साहेब पळाले!"

गल्ल्यांतून माणसं बाहेर पडू लागली. गाठोडी, सायकली, हातगाड्या, कडेवरची पोरं. वाट सगळ्यांची एकच, पश्चिमेला, पुलाकडे. काका बघत राहिले.

झेंडा काही एकट्या विहीणबाईंनाच दिसत नव्हता. तो सगळ्यांना एकदमच दिसला होता. आणि पूल पश्चिमेला, गिरणी पूर्वेच्या टोकाला. नऊ महिन्यांची पोटुशी आणि गुडघे बांधलेली म्हातारी घराबाहेर पडेपर्यंत त्यांच्यापुढे सबंध शहर उभं राहणार होतं. एवढी साधी गोष्ट बावीस वर्षं या गच्चीवरून शहर बघणाऱ्या माणसाला सुचली नव्हती. गुपचूप जाऊन म्हातारीला खांद्यावर टाकून आणायचं होतं. पण त्यांना दोराखेरीज दुसरं काही करायची सवयच नव्हती.

फोन वाजला. औषधवाला होता, मागे गलका. "काका, निघाल्या दोघी. हातगाडी मिळालीय. मीही निघतोच आता, दुकान बंद करतोय."

"थांबा, सांगा त्यांना..." काय सांगायचं ते कळेपर्यंत तिकडे रिसीव्हर ठेवला गेला.

जिन्यावर पावलं वाजली. चिटणीस आणि दोन पहारेकरी. काकांना वाटलं, आता धरतील. पण चिटणिसांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते कठड्याशी गेले, पुलाकडे बघत उभे राहिले. पुलाच्या तोंडाशी माणसांचा डोंगर साचला होता. तिथून एक आवाज येत होता, बोलणं नाही, ओरडणं नाही, नुसता एक सूर.

"चढवा," चिटणीस म्हणाले.

"आता काय उपयोग?"

"चढवा! बघतील, थांबतील. चेंगरून मरतायत ते."

काका जागचे हलले नाहीत. तेव्हा पहारेकऱ्याने पेटी उघडली, झेंडा काढला, कसाबसा दोराला अडकवला. उलटसुलट ओढत, धक्के देत तो वर नेला. काकांनी मान फिरवली. खाली कोणीही वर बघितलं नाही. पाठीवर गाठोडी घेतलेल्या माणसांना समोरच्याची पाठ तेवढी दिसत होती. चिटणीस कठड्याला धरून खाली बसले आणि हळू आवाजात काहीतरी मोजल्यासारखं पुटपुटत राहिले.

पाऊण तासाने फोन पुन्हा वाजला. औषधवालाच. धापा टाकत होता.

"काका, मी पोलीस चौकीपर्यंत जाऊन परत आलो, गर्दीत शिरताच येईना. तुमच्या विहीणबाई मला वाटेतच भेटल्या. घरी आल्यात त्या."

"घरी? का?"

"हातगाडीत उताणी पडूनच चालल्या होत्या ना, तोंड आभाळाकडे. त्यांना एकदम झेंडा दिसला. हातगाडीवाल्याला शिव्या घातल्या, वळव म्हणाल्या. लेक तुमची रडत होती, पण त्यांच्यामागून आली. आत्ता पलंगावर बसल्यात. म्हणतायत, व्याह्यांना सांगा, पुन्हा असली थट्टा करू नका."

काकांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. टोपी घातली. जिना उतरले, बागेतून चालत फाटकाशी आले. पहाऱ्यावर कोणी नव्हतं, फाटक सताड उघडं.

रस्त्यावर सगळं शहर पश्चिमेला वाहत होतं. काका पूर्वेला निघाले, भिंतीला खांदा घासत, एका वेळी एक पाऊल. माणसं त्यांना ढकलत होती, त्यांच्यावर डाफरत होती. एक बाई पोराला कडेवर घेऊन थांबली आणि तिने त्यांच्या दंडाला धरलं.

"आजोबा, उलटे कुठे निघालात? तिकडे आता कोणी नाही."

काकांनी तिचा हात सोडवला. समोर गिरणीच्या धुराड्यामागे आभाळ तांबूस झालं होतं, आणि ऊन तर अजून डोक्यावर होतं. मागे पुलाकडून एक दणका आला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. क्षणभर सगळा रस्ता जागच्या जागी थांबला, आणि त्या थांबलेल्या गर्दीतून काकांना एकदम मोकळी वाट मिळाली.