दंत्य अक्षरांचा तास

"वात," खारूताई म्हणाली.

"वात नाही गं, दात. इकडे बघ, माझ्या तोंडाकडे. द. दात."

"वात."

खारूताई सात वर्षांची. एका जागी ठरायची नाही, म्हणून बाईंनीच तिला हे नाव ठेवलेलं. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं; वर्गातल्या सहाही मुलांना येत नव्हतं. बाई एकतीस वर्षं अशाच मुलांना बोलायला शिकवत आल्या होत्या. मुलं त्यांच्या ओठांकडे, जिभेकडे टक लावून बघायची, गळ्याला हात लावून आतली थरथर जोखायची आणि मग तसंच स्वतःच्या तोंडात करून बघायची. दुसऱ्या शाळांत फळा असतो, इथे बाईंचं तोंड हाच फळा.

बाईंनी आरसा घेतला आणि दोघींचे चेहरे त्यात येतील असा धरला. "आता म्हण."

खारूताईने वरचा ओठ खाली ओढला, तोंडाचे कोपरे आवळले आणि म्हणाली, "वात." बाईंची नजर शेजारच्या स्वतःच्या चेहऱ्यावर गेली. तोच ओढलेला ओठ, तेच आवळलेले कोपरे. त्यांनी वळून वर्गाकडे पाहिलं. सहाच्या सहा मुलं ओठ मिटल्यासारखी करून 'वात, वात' म्हणत होती. मन लावून म्हणत होती. जे दाखवलं गेलं, ते त्यांनी तंतोतंत उचललं होतं.

दोन महिन्यांपूर्वी बाईंचे वरचे पुढचे तीन दात काढावे लागले होते. हिरड्यांनी दगा दिला, दात हलायला लागले. काढता-घालता येणारी कवळी बसवली होती. पण शब्दाच्या सुरुवातीला ठासून 'त' किंवा 'द' म्हणायला जीभ वर गेली की ती सुटायची. ती पडू नये म्हणून बाई वरच्या ओठाने दाबून धरायच्या. आपण असं करतो हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या घरी गेल्याच नाहीत. तडक दातांच्या डॉक्टरकडे गेल्या.

डॉक्टर त्यांच्या लेकीच्या वयाची होती. तिने क्ष-किरणांचं चित्र उजेडावर धरलं. "काकू, पक्के दात हवेत तर इम्प्लांट. जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवायचा. हाडाने तो धरायला चार-सहा महिने लागतात, मग वर दात. हलणार नाहीत."

"मग बसवा की!"

"थांबा. तुमचं इथलं हाड झिजलंय. आधी हाडाची भर घालावी लागेल. आणि दात काढताना केलेल्या तपासणीत तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ आली होती. एवढ्या साखरेवर जखम नीट भरत नाही, स्क्रू धरेल याची खात्री कमी. ती निदान साडेसातच्या आत आणा, हिरड्यांचे उपचार करा, मग बघू."

"आणि शेजारच्या दातांच्या आधाराने पूल का काय म्हणतात तो?"

"शेजारचेच दात हलतायत. बुडत्याला बुडत्याचा आधार."

बाईंनी बोटांवर महिने मोजले. निवृत्तीला सोळा महिने होते. सगळं सुरळीत झालं तरी वर्ष यातच जाणार.

"तुमच्या जागी मी असते तर घाई केली नसती," डॉक्टर म्हणाली. "पण तोंड तुमचं आहे. घरी बोला."

घरी बोलणं म्हणजे यजमानांशी बोलणं. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले; कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्यांना पटत नसे.

"अगं, सोळा महिन्यांसाठी हाडाला भोकं पाडून घ्यायची? नाकापेक्षा मोती जड!"

"मुलं चुकीचं शिकतायत हो. माझं बघून."

"मग दुसऱ्या बाईंना दे तो तास."

बाईंनी उठून धुतलेले कप पुन्हा धुतले. गॅलरीत गेल्या, आत आल्या, रेडिओ लावला, बंद केला. यजमान वर्तमानपत्रावरून बघत होते.

"एक विचारू? रागावू नकोस. हे मुलांसाठी चाललंय की तुझ्यासाठी?"

आजच सकाळी केस विंचरताना बाईंनी आरशाकडे पाठ केली होती. आणि शेजारणीच्या मुलीच्या लग्नाला त्या डोकेदुखीचं निमित्त काढून गेल्या नव्हत्या.

"दोन्ही," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्यासाठी असलं तर काय बिघडलं?"

"काहीच नाही," ते म्हणाले. "तेवढंच ऐकायचं होतं. चल, उद्यापासून फिरायला जाऊ. साखर उतरवू."

मग पायाला भिंगरी लागली. पहाटे एक फेरी, संध्याकाळी दुसरी. भात सुटला, गोड सुटलं, गोळ्या बदलल्या. पण जीव थाऱ्यावर नव्हता. औषधाच्या दुकानात, बसथांब्यावर, माणूस दिसला की बाई आधी त्याचे दात बघायच्या. कुणाचा स्क्रू वीस वर्षं टिकलाय, कुणाचा चार महिन्यांत निघून आला, सगळ्या कथा त्यांना पाठ झाल्या होत्या. एक दिवस बसवायचेच म्हणायच्या, दुसऱ्या दिवशी नकोच. यजमान म्हणाले, "तुझं हे तळ्यात-मळ्यात खेळून माझीच साखर वाढेल."

वर्गात त, थ, द या दंत्य अक्षरांचा तास त्या पुढे ढकलत राहिल्या. आधी प, फ, ब. मग क, ख, ग.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. साखर आठ पूर्णांक दोन. नव्या चित्रात हाड आणखी थोडं उतरलेलं.

"उतरली की बरीच!" डॉक्टर म्हणाली. "अजून तीन महिने नेटाने केलंत तर विचार करता येईल. धोका राहीलच, पण येईल."

"सांगते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात शिरतात तोच खारूताई धावत आली. तिने मूठ उघडली. मुठीत कागदात गुंडाळलेला तांदळाएवढा दुधाचा दात होता. तिने तोंड वासून वरची खिंड दाखवली. हिरडीतून नव्या दाताची पांढरी कड डोकावत होती. मग तिने बाईंच्या तोंडाकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. हाताने खूण केली : तुमचे? कधी येणार?

तिला कुणी सांगितलं? मुलांना सगळंच दिसत होतं, इतके दिवस दिसत होतं. बाकीची पाचही जमली. सगळी वाट बघत उभी राहिली.

बाई खाली, मुलांच्या उंचीच्या स्टुलावर बसल्या. ओठाने दाबलेली कवळी त्यांनी काढली आणि रुमालावर ठेवली. मुलांनी वाकून पाहिलं. कुणी हसलं नाही. खारूताईने बोट पुढे केलं, आणि बाईंनी तिला त्या रिकाम्या हिरडीवरून बोट फिरवू दिलं.

"माझे नाही येणार," बाई म्हणाल्या. आवाजात फुसफुस होती, पण ती तिथे कुणालाच ऐकू येणार नव्हती. हाताने खूणही केली : नाही.

हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की निर्णय झाला. डॉक्टरला दुपारी फोन करायचा, घट्ट बसेल अशी नवी कवळी बनवून घ्यायची, आणि साखर मात्र उतरवतच राहायची.

खारूताई क्षणभर विचारात पडली. मग तिने बाईंच्या गालावर दोनदा थोपटलं, आईने थोपटावं तसं, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

बाईंनी ओठ वर उचलला, पार वर, हिरडी दिसेपर्यंत. रिकाम्या जागेमागे बोट ठेवलं आणि दाखवलं, जीभ इथे यायला हवी.

"द," त्या म्हणाल्या.

सहा ओठ वर उचलले गेले.